पोच

मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. शाळेत असताना कोणता विषय तुम्ही सगळ्यात शेवटी वाचायला घ्यायचात? माझ्या विंगमधल्या अकरा जणांना मी हा प्रश्न विचारला. नऊ जणांचं उत्तर एकच, नागरिकशास्त्र! (उरलेल्या दोघांनी 'सगळेच' असं सांगितलं, ते सोडून देऊ.) परीक्षेच्या आदल्या रात्री अर्ध्या तासात उरकायचा विषय. राष्ट्रपतीचं किमान वय किती, राज्यसभेचा सदस्य किती वर्षांसाठी, ग्रामपंचायतीचा सचिव कोण... पाठ करा, ओका आणि मोकळे व्हा.

फिजिक्सला प्रॅक्टिकल होतं, केमिस्ट्रीला होतं, अगदी भूगोलालासुद्धा नकाशा भरायला मिळायचा. नागरिकशास्त्राला काहीच नाही. व्होल्टमीटर डोळ्यांनी न बघता कोणी वीज शिकवली तर आपण हसू. पण ग्रामपंचायतीची पायरी न चढता आपण सगळे लोकशाही शिकलो आणि पासही झालो.

हे सगळं मला सुचायचं कारण म्हणजे २०२५ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत मी दर शनिवारी सातवीच्या वर्गाला हाच विषय शिकवत होतो. माझं घर जवाहरनगरला, भंडारा जिल्ह्यात. नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालात की शहर यायच्या आधी ठाणा पेट्रोलपंपाचा थांबा लागतो, तिथे उतरायचं. आयुध निर्माणीची वसाहत. आम्ही मात्र सगळे 'फॅक्टरी'च म्हणतो. शेजारच्या गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. एनएसएसमधून शनिवारी शिकवायला पोरं पाठवायची असं ठरलं तेव्हा गणिताला चार हात वर झाले, विज्ञानाला तीन, इंग्रजीला दोन. मी घरी जाणारच होतो, त्यामुळे उरलेला विषय माझ्या गळ्यात पडला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "गणिताला मुलं मिळतात हो, याला कोणी येत नाही. तुम्हीच घ्या."

मग म्हटलं, आपण इंजिनीअर आहोत ना, (होणार आहोत!) तर याचंही जर्नल करू. तेवीस पोरं, तेवीस वह्या. प्रत्येक पानावर ठरलेले मथळे : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण जे छापतो तेच, फक्त इथे कोणाचं कॉपी करायची सोय नव्हती.

प्रयोग क्रमांक १ : पेट्या

सातवीच्या पुस्तकात नागरिकशास्त्राचा भाग भारतीय संविधानावर आहे. सहावीला स्थानिक शासन संस्था, सातवीला संविधान, आठवीला संसदीय शासन पद्धती, असा तो क्रम. संविधान म्हटलं की डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे पोरांना पहिलीपासून पाठ. म्हणून मी विचारलं, "बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून निवडणुकीला उभे होते, माहीत आहे का?" कोणालाच माहीत नव्हतं. "आणि ते हरले, हे माहीत आहे का?" वर्ग एकदम शांत.

गोष्ट १९५४ ची. तेव्हा भंडारा महाराष्ट्रात नव्हताच, कारण महाराष्ट्रच नव्हता. आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी होती नागपूर. बाबासाहेब १९५२ ला मुंबईत लोकसभेला हरले होते आणि नंतर राज्यसभेवर गेले होते. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक लागली आणि ते इथून उभे राहिले. मतदारसंघ दुहेरी, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच द्यायची नाहीत. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब हरले. पुढे १९६१ च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ ही पद्धतच बंद झाली.

आमच्याकडची जुनी माणसं या निवडणुकीची एक आठवण सांगतात. काही कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की लोकांना एकच मत द्यायला सांगू, दुसरं मत कुजवायला सांगू, म्हणजे दुसऱ्या कोणाचा फायदा होणार नाही. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने घटना तयार करायला हात लावला, तो माणूस लोकांना मत फुकट घालवा असं सांगणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

वर्गात आम्ही तीच पद्धत वापरून दोन मॉनिटर निवडले. एक जागा मुलींसाठी राखीव. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असायची, पेटीवर चिन्ह, मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. आम्ही खडूचे रिकामे डबे घेतले. चिन्हं पोरांनीच काढली : बंडी, धानाची पेंडी, सायकल, आणि एकाने मोबाईल! मतदान झालं, मोजणी झाली. सगळ्यांत दांडगा पोरगा, ज्याला आपण निवडून येणार याची शंभर टक्के खात्री होती, तो पडला. त्याने जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिला : "ज्याले हरता येते त्यानेच उभे राहावे." मी शुद्धलेखनाची चूक काढली नाही.

एका मुलीने मात्र नेमकं विचारलं. "सर, घटना त्यांनीच लिहिली, अन् तेच हरले? मग त्यांनी घटना काहून बदलवली नाही?" खरं सांगतो, सहा महिन्यांत मी जे काही शिकवलं त्यातलं अर्धं त्या प्रश्नात होतं. नियम ज्याने लिहिला त्यालाही नियम लागू. आमच्याच जिल्ह्यात ते घडलं आणि आमच्याच जिल्ह्यातल्या पोरांना ते माहीत नव्हतं.

प्रयोग क्रमांक २ : टाकी

आता थोडं शास्त्र. नागरिकशास्त्र हा विषय आपल्याकडे इंग्रजांच्या काळात आला. राज्याविरुद्ध असंतोष वाढत होता, तेव्हा प्रजेला आज्ञाधारक आणि एकनिष्ठ करावं हा त्यामागचा हेतू. हे माझं मत नाही, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तसं स्पष्ट म्हटलं आहे, आणि विषयाचं नावच बदलावं असंही सुचवलं आहे. त्यानंतर एनसीईआरटीच्या सहावी ते आठवीच्या पुस्तकांचं नाव 'सामाजिक आणि राजकीय जीवन' झालं. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, मध्य प्रदेशात 'एकलव्य' संस्थेने काही सरकारी शाळांमध्ये सामाजिक शास्त्रांची वेगळी पुस्तकं वापरून पाहिली होती. त्यांत व्याख्यांच्या ऐवजी गावं, माणसं, त्यांचे व्यवहार. महाराष्ट्रात २००९ साली बीड जिल्ह्यातल्या शाळांत 'मूल्यवर्धन' कार्यक्रम सुरू झाला, तोही याच वाटेवरचा. म्हणजे लोकशाही पाठ करून येत नाही हे मोठमोठ्या लोकांना कळलेलं आहे. पुस्तकंही पूर्वीपेक्षा खूप चांगली झाली आहेत. पण पुस्तक शाळेच्या फाटकापर्यंतच येतं. फाटकाच्या बाहेर कोणीतरी न्यावं लागतं.

आम्ही गेलो ग्रामपंचायतीत. शाळेपासून तीनशे पावलं (मोजली, निरीक्षणात लिहिली). वर्गातल्या तेवीसपैकी एकोणीस पोरांनी त्या खोलीत आधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. जाताना मी सांगितलं होतं की प्रत्येकाने गावाबद्दल असा एक प्रश्न आणायचा ज्याचं उत्तर त्याला खरंच हवं आहे. परीक्षेतला नको. पोरांनी बरेच आणले. शाळेसमोरच्या खांबावरचा दिवा दिवसा जळतो आणि रात्री विझतो, असं का? कुत्र्यांचं काय? एका पोराला जाणून घ्यायचं होतं की सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे मालक का बसतात. (हा प्रश्न आम्ही नंतरसाठी राखून ठेवला!) शेवटी मतदान होऊन एक प्रश्न ठरला : पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?

अर्ज वर्गात लिहिला. प्रति, विषय, महोदया, आपले विश्वासू. तेवीस सह्या, त्यातल्या सतरा पहिल्यांदाच केलेल्या. अर्जाच्या दोन प्रती. एकाने विचारलं, "दोन काहून जी? त्यांच्याकडे एक हरवते का?"

तेव्हा मी फळ्यावर एक शब्द लिहिला. पोच.

ग्रामसेवक साहेब चांगले होते. (२०२४ मध्ये सरकारने या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण गावात ते अजून ग्रामसेवकच आहेत.) त्यांनी आधी आमच्याकडे बघितलं, मग अर्जाकडे, मग हसले. मग ड्रॉवरमधून शिक्का काढला, आवक रजिस्टर उघडलं, नंबर घातला, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारला, तारीख टाकली, सही केली आणि ती प्रत पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिली.

मित्रांनो, ती प्रत परत येताना पोरांनी जशी आणली तशी आपण गेटची मार्कशीटसुद्धा आणत नाही. तीनशे पावलांत ती तेवीस हातांतून गेली. "आपला नंबर लागला!" असं एक जण ओरडत होता. त्याला मी विचारलं की नंबर लागला म्हणजे काय झालं? तो म्हणाला, "आता आमी विचारलंच नाही असं कोनी म्हनू शकत नाही."

पोचेची इतकी सोपी व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती.

पुढच्या शनिवारी टाकीवर ताजा रंग होता. 'टाकी धुतल्याचा दिनांक' आणि पुढे तारीख. ती आमच्या अर्जाच्या तीन दिवस नंतरची होती. पोरांना हिशोब लगेच कळला आणि त्यांनी तो जर्नलमध्ये बारीक अक्षरात लिहूनही ठेवला.

प्रयोग क्रमांक ३ : दोन रकाने

आता जे सांगणार आहे ते मला लिहायला अवघड जातंय. पण ते सोडून दिलं तर वरचं सगळं सहलीचं वर्णन होईल.

माझे बाबा फॅक्टरीत आहेत. आमची फॅक्टरी १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या काळात उभी राहिलेली. २०२१ च्या १ ऑक्टोबरला देशातल्या ४१ आयुध निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आमची गेली. एवढं मी सांगू शकतो कारण एवढं पेपरात आलेलं आहे. बाबांनी मला त्यांच्या कामाबद्दल आजवर जे सांगितलं ते एका पोस्टकार्डावर मावेल आणि वर पत्ता लिहायला जागाही उरेल. आमच्या क्वार्टरांच्या सगळ्या लाईनीत असंच आहे. बाप गेटच्या आत जातो, शिफ्ट संपली की बाहेर येतो. मधल्या आठ तासांबद्दल विचारायचं नाही. लहानपणापासून आम्ही ते शिकतो, जसं तुम्ही चप्पल बाहेर काढायला शिकता. आणि त्यात काही चूकही नाही. तिथे जे बनतं ते देशाच्या सैन्यासाठी, आणि त्याची चर्चा चहाच्या टपरीवर होऊ नये हे आम्हा सगळ्यांना मान्य आहे.

पण न विचारायची सवय लागली की ती गेटपाशी थांबत नाही.

२४ जानेवारी २०२५. सकाळी साडेदहाचा सुमार. फॅक्टरीत स्फोट झाला, इमारतीचं छत कोसळलं आणि त्या दिवशी आठ कामगारांचा जीव गेला. आवाज काही किलोमीटरवर ऐकू गेला. मी होस्टेलवर होतो. बाबांची त्या दिवशी दुसरी शिफ्ट होती, म्हणून मी आज हे लिहितोय तसं लिहितोय. आमच्या ओळखीच्या काही घरांत दुसरी शिफ्ट नव्हती. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ती त्यांची गोष्ट आहे.

दोन दिवसांनी २६ जानेवारी आली. संविधान लागू झाल्याला त्या दिवशी ७५ वर्षं पूर्ण झाली होती. महाराष्ट्रातल्या शाळांत प्रास्ताविकेचं वाचन होतं, तसं आमच्या भागातल्या शाळांतही झालं. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. माझ्या वर्गातली पोरं तेव्हा सहावीत होती आणि त्यांनीही ते म्हटलं होतं.

दिवाळीनंतर वर्गात मूलभूत हक्कांचा पाठ चालू होता. अनुच्छेद २१, जीविताचा हक्क. मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो कधीच बोलत नाही, त्याने हात वर केला. "सर, टाकीचं विचारलं तसं फॅक्टरीचं विचारता येते का?"

कोणीच हललं नाही. मग एकीने हळूच विचारलं, "आमच्या बाबाले काही होनार नाही न जी?"

मी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं : 'सांगता येणार नाही असं'. उजवीकडे : 'सांगायलाच हवं असं'. आणि पोरांना म्हटलं, तुमच्या मनात जे जे प्रश्न आहेत ते बोला, रकाना आपण मिळून ठरवू. आत काय बनतं? डावीकडे. किती बनतं? डावीकडे. कुठे ठेवतात? डावीकडे. यावर एकमत व्हायला एक मिनिटही लागलं नाही, फॅक्टरीच्या परिसरातली पोरं आहेत ती! मग कोणीतरी विचारलं, "त्या दिवशी आमी वर्गात होतो. पुन्हा असं झालं तर बाहेर पळाचं का आतच बसाचं?" उजवीकडे. कोणाला फोन करायचा? उजवीकडे. भोंगा नेहमीचा कोणता आणि धोक्याचा कोणता? उजवीकडे. शाळेच्या खिडक्यांना काचा आहेत, त्यांचं काय? उजवीकडे. उजवा रकाना भरून गेला तरी डावीकडे अजून तिघंच होते.

मग मी त्यांना सांगितलं की हे रकाने आपण काही नवीन पाडलेले नाहीत, कायद्याने आधीच पाडून ठेवले आहेत. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा तर त्याच्याही आधीचा, २००२ चा. केंद्राच्या कायद्यातलं कलम ८ सांगतं की देशाच्या सुरक्षेला बाध येईल अशी माहिती देणं बंधनकारक नाही. तो आपला डावा रकाना. त्याच कायद्यातलं कलम ७ सांगतं की एरवी उत्तराला ३० दिवस, पण माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असेल तर ४८ तास. कलम ६ सांगतं की माहिती का हवी याचं कारण द्यायची गरज नाही. आणि भोपाळला १९८४ मध्ये जे झालं त्यानंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात सुधारणा झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्याने कामगारांना आणि आसपासच्या लोकांना धोक्यांची आणि बचावाची माहिती द्यायची, हे तेव्हा कायद्यात लिहिलं गेलं. तो आपला उजवा रकाना. तो आपल्या कायद्यात यायला हजारो माणसं मरावी लागली.

अर्ज ग्रामपंचायतीलाच लिहायचा असं ठरलं, कारण तिची वाट आता पोरांना माहीत होती. कोणावर बोट नाही, कोणाची तक्रार नाही. एवढंच की धोक्याच्या वेळी गावाने आणि शाळेने काय करावं याची माहिती जिल्हा प्रशासनाकडून मागवून ती शाळेत आणि चावडीवर मराठीत लावावी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, हे पोरांनी स्वतः शोधलं.

त्या रात्री जेवताना मी बाबांना रकान्यांचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता ओरडतील. वरण वाढून घेतलं, भात कालवला. मग म्हणाले, "उजवीकडे अजून एक लिही. आत काही झालं तर घरच्यांना आधी कोण सांगणार."

फॅक्टरीबद्दल बाबांनी माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. दुसऱ्या शनिवारी मी ते रकान्यात लिहिलं. कोणाचं आहे हे पोरांनी विचारलं नाही.

पुढची ग्रामसभा झाली तेव्हा पोरांचा अर्ज वाचला गेला. मी मागे उभा होतो. कुजबुज झाली. "पोट्ट्यायले कोनं शिकवलं हे?" असं कोणीतरी म्हणालं आणि चारपाच माना माझ्याकडे वळल्या. फॅक्टरीच्या भरवशावर अर्धं गाव जगतं, उगाच नाव कशाला घ्यायचं, असंही एक जण म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. मग गुरुदेव सेवा मंडळाची भगवी टोपी घातलेले एक आजोबा उठले. म्हणाले, "लेकरं फॅक्टरी बंद करा म्हनत नाहीत. पळाचं कुठं एवढंच विचारतेत. हे आपन विचाराले पायजे होतं." ठराव झाला. नंबर पडला. पोरांच्या प्रतीवर शिक्का बसला.

मी हे लिहितोय तोपर्यंत वरून उत्तर आलेलं नाही. कागद वर जातो, फिरतो, वेळ लागतो. पण दर शनिवारी पोरं ग्रामसेवकांना विचारून येतात आणि जर्नलमध्ये तारखेसह लिहितात : 'उत्तर आले नाही.' अशी सात निरीक्षणं झाली आहेत. निष्कर्षाची जागा त्यांनी कोरी ठेवली आहे. आपल्यापैकी किती जणांनी प्रयोग पूर्ण व्हायच्या आधी निष्कर्षाची जागा कोरी ठेवली आहे, हात वर करा!

आपल्या मराठीत 'पोच' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, मिळाल्याची पावती. दुसरा, समज. "त्याला पोच नाही" असं आपण म्हणतो. मला आता वाटतं की हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार लांबचे नाहीत. विचारलं, लिहून दिलं, समोरच्याने घेतलं आणि घेतल्याचं मान्य केलं, एवढं ज्याने एकदा केलं त्याला काहीतरी समज येते. काय विचारायचं, काय नाही, कोणाला, कोणत्या शब्दांत. डावा रकाना पाळायची अक्कलही त्यातूनच येते. जो कधीच विचारत नाही त्याला गुपित आणि निष्काळजीपणा यांतला फरक कळायला मार्गच नसतो.

आता आपल्याकडे या. मेसच्या भाजीबद्दल कॉरिडॉरमध्ये रोज रात्री अकराला जी संसद भरते तिचं कामकाज ऐकलं तर लोकसभा लाजेल. पण मेसच्या दारामागे दोऱ्याला टांगलेली तक्रारवही मी मागच्या आठवड्यात उघडून पाहिली. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, आणि तिच्या खाली कोणीतरी क्रिकेटचा स्कोअर लिहिलेला. सातवीच्या पोरांनी ही वही बघितली असती तर पहिला प्रश्न विचारला असता, "सर, याची पोच कुठं भेटते?"

आणि एक शेवटचं, अगदी व्यवहाराचं. पुढच्या सत्रापासून माझं प्रोजेक्ट सुरू होतंय, दर शनिवारी जाणं मला जमणार नाही. नवीन सातवीच्या वर्गाला कोणीतरी हवं आहे. एसटीचं भाडं एनएसएस देतं, दुपारचा डबा माझी आई देईल, तेवीस जर्नलं मी देईन. गणित घ्यायला बरेच जण आहेत. हा तास मात्र रिकामा आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी एनएसएसच्या खोलीत सरांकडे नाव द्या.

चिठ्ठी लिहून द्या. दोन प्रतींत.

(तृतीय वर्ष, यांत्रिकी)